तीस सेकंद

सावद्याच्या बाहेर, रावेर रस्त्याला,
केळीचा गर डब्यात भरणारा कारखाना आहे.
तिथे माझं काम एवढंच:
पोलादी पन्हाळीच्या तोंडाशी गर भरायचा,
फळी उचलायची,
आणि तीस सेकंदांत तो कुठवर जातो ते बघायचं.
साडेसात. आठ. कधी नऊ.
आकडा वहीत, खाली सही, पन्हाळी नळाखाली.
नऊच्या पुढे गेला तर लॉट परत.
फार लवकर वाहणाऱ्याला आमच्याकडे कोणी घेत नाही.

एप्रिलात पहाटे चारला मात्र
नेहेते काकूंच्या अंगणात मी नुसता हरकाम्या.
बिबड्यांचा दिवस.
तीन रात्री भिजून आंबलेल्या ज्वारीचं पीठ परातीत,
चुलीवर आधण, त्यात तीळ, जिरं, ठेचलेला लसूण.
आधणातले बुडबुडे बघावेत:
तळातून सुटले की वर, वर आले की गेले,
एसटी लागल्यावर फलाट रिकामा व्हावा तसे.

मग पीठ पडतं
आणि पातेल्यातला वेळ बदलतो.

बुडबुडा आता तळाशी होतो आणि तिथेच रेंगाळतो.
वाट तयार नसते, त्यालाच रेटावी लागते.
कसाबसा वर येतो, पाठ वर काढतो, घुमट होतो,
घुमटाची साय सगळ्या बाजूंनी ओघळत
पातळ, आणखी पातळ,
जाळाचा लाल उजेड तिच्यात दिसेल इतकी,
आणि मग
पुक्.
खळगा राहतो. खळग्यालाही बुजायची घाई नाही.

माझ्यासारखी पन्हाळी काकूंना लागत नाही.
त्या कानाने मोजतात.
"खदखद करतो तवलोक कच्चा.
पुक् म्हने, मंग उतरवा."

अगदी बारीक बुडबुडे येतच नाहीत वर.
त्यांचं बळ थोडं, घाट्याचा हट्ट मोठा.
बसतात जागच्या जागी,
शेजारचा एखादा येऊन मिळेपर्यंत.

यंदा पीठ अंमळ जास्तच पडलं.
चाटू मधोमध उभा राहिला, खांबासारखा.
काकूंनी ओढला. मी ओढला.
तेवढ्यात भिंतीपलीकडून कौतिकाबाई आल्या,
धाकटी जाऊ,
विहिरीच्या पाळीवरून अकरा वर्षं अबोला.
केस तसेच सुटे, विचारणं नाही, सांगणं नाही,
चाटूचं वरचं टोक धरलं
आणि गोल फिरवायला लागल्या.
धक्का देणाऱ्याला घाटा जुमानत नाही,
फिरवत राहणाऱ्यापुढे सैल होतो.
थांबलात की पुन्हा दगड.
दोघी थांबल्या नाहीत.
बांगड्या, चुलीतली पऱ्हाटी, आणि कुणाचा तरी श्वास,
एवढाच आवाज.

तेव्हा तळातला कुठला तरी जुना, मोठा, वर आला
आणि काकूंच्या मनगटावर फुटला.
पाण्याचा थेंब भाजतो आणि पळून जातो.
घाट्याचा थेंब बसतो, धरून ठेवतो,
आतली सगळी आग देऊन होईपर्यंत सोडत नाही.
कौतिकाबाईंनी पदराने तो पुसला.
"चटकलं का वं?"

काकूंनी वर बघितलं.
मी सवयीने मोजायला लागलो.
दहा.
वीस.
तीस सेकंद झाले,
आणि उत्तर अजून पन्हाळीच्या तोंडाशीच.

शेवटी म्हणाल्या,
"मीठ पाहून घे."

उजाडलं. खाटांवर ओली धोतरं अंथरली,
दोघी समोरासमोर बसून
ओल्या बोटांनी बिबड्या थापत गेल्या.
गोळा पसरतो तो कुठवर, तर बोट नेतं तिथवर.
बोट उचललं की कड तिथेच, एक केसभरही पुढे नाही.
बोलणं फारसं झालं नाही. विहिरीचं तर नाहीच.

दहाला मी कामावर होतो. फळी उचलली. आठ.

तिसऱ्या दिवशी काकूंनी डबाभर बिबड्या दिल्या,
वरच्या चार कौतिकाबाईंच्या हातच्या, जाड कडेच्या.
एक उन्हाकडे धरून बघितली:
सगळीकडे बारीक बारीक भोकं,
वर न आलेल्यांची.